ॲम्ब्युलन्स असेल तरच सोडा

आमच्या गावात कुणाला सरकारकडून काही हवं असलं, की तो आधी तातेरावकडे जातो आणि तातेराव माझ्याकडे येतो. कारण मंडप माझा, सतरंज्या माझ्या आणि भोंगाही माझाच. लग्नाला, दहाव्याला आणि आंदोलनाला सामान एकच लागतं. फरक इतकाच की आंदोलनात कुणी जेवायला वाढत नाही, वर ऊन खावं लागतं.

तातेराव हा बसणारा माणूस. एसटीचा थांबा त्याने बसून मिळवला, शाळेला गणिताचा मास्तर बसून आणला, गावाच्या विजेची जळालेली डीपी बसून बदलून घेतली. एकदा रस्त्यावर मांडी घातली, की तहसीलदार येवो नाहीतर फौजदार, हा गडी हलायचा नाही. एरवी धंदा हळद शिजवायचा. हंगामात वाफेचा कुकर ट्रॅक्टरला जोडून तो पुसेगावपासून गोरेगावपर्यंत फिरतो, त्यामुळे बारा गावचं पाणी प्यायलेला. हंगाम सरला तरी त्याची नखं पिवळी राहतात. अंगाने काटकुळा, पण आवाज असा की माझा भोंगा त्याच्यापुढे उगाच वाटावा.

गावातला सरकारी दवाखानाही त्याने बसूनच आणलेला. इमारत झाली, खाटा आल्या, फ्रीज आला, आणि एक चांगला डॉक्टरही आला. तो पुढे शिकायला गेला तो गेलाच. त्याच्या खुर्चीवर नंतर कुणी बसलं नाही. साधना सिस्टर तेवढी राहिली. ती खोकल्याला गोळी द्यायची, लेकरांना लस टोचायची आणि जरा काही वेगळं असलं की मान खाली घालून म्हणायची, "डॉक्टर नाहीत, हिंगोलीला न्या." आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पुढेपुढे लोक दवाखान्यात जायचेच बंद झाले. फाट्यावर यायचं, मिळेल ती गाडी धरायची आणि सरळ हिंगोली गाठायची, हे अंगवळणी पडलं.

यावरून तातेरावचं आणि त्याच्या पुतण्याचं वाजलं. पुतण्या विजयकुमार, गावातल्या मेडिकलचा मालक. पोरगा सरळ आहे, फक्त त्याला वाट बघायला आवडत नाही. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर सगळ्यांसमोर तो म्हणाला, "काका, सरकारची वाट पाहून पाहून माणसं मरून राहिली. आपण वर्गणी करू, एक गाडी घेऊ, ड्रायव्हर ठेवू. हिंगोलीचे एक डॉक्टर इथं येऊन बसायला तयार हायेत. आपला हात जगन्नाथ."

"अन् ज्याच्यापाशी वर्गणीला काही न्हाई, त्यानं काय करायचं?" तातेराव म्हणाला. "त्याला गाडीत घेशील का उतरवशील?"

"घेऊ की."

"आज घेशील. उद्या ड्रायव्हर पळून गेला, गाडी बसली, मंग? तवर साहेबानं कागदावर लिहिलेलं असंल, ह्या गावाची सोय झाली, ह्यांना डॉक्टर नको. दवाखाना आपला हाय, विजू. आपण काय भीक मागून राहिलो का? काडीपेटी घेतली तरी सरकारला कर जातो आपला."

"बराबर हाय. पर तवर माणूस मेला तर?"

"म्हणून तर बसायचं."

मला दोघांचंही पटत होतं आणि त्याचाच मला राग येत होता. एकाचं पटलं की माणूस निवांत झोपतो. पण गाव तातेरावच्या बाजूने गेलं, कारण थांबा, मास्तर आणि डीपी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होते. दवाखान्याला डॉक्टर आणि ॲम्ब्युलन्स, या दोन मागण्यांसाठी रास्ता रोको ठरला.

त्या बैठकीतच तो नियम निघाला. त्याला कारण होतं. डीपीच्या वेळी आम्ही असाच रस्ता अडवला, तेव्हा एका टेंपोवाल्याने आपल्या क्लीनरला मागे झोपवलं, डोक्याला फडकं गुंडाळलं, वर घोंगडं टाकलं आणि "पेशंट, पेशंट" करत बॅरिकेडमधून निघून गेला. पुढे वळणावर तो पेशंट उठून बसला आणि त्याने आम्हाला हात हलवून दाखवला. हे कुणीतरी मोबाईलमध्ये घेतलं. त्यानंतर कितीतरी दिवस तालुक्यात आमचं हसं होत होतं आणि तातेरावच्या ते फार जिव्हारी लागलं होतं. तो म्हणाला, "ह्या टायमाला ॲम्ब्युलन्स असंल तरच सोडायची. बाकी कुणी कायबी सांगो." कुणी हरकत घेतली नाही. मीही घेतली नाही. ऐकायला ते अगदी रीतसर वाटलं.

सोयाबीन काढणीचे दिवस होते. ऊन असं, की सतरंजीवर हात टेकवत नव्हता. फाट्यावर बैलगाडी आडवी लावली, दोन्ही बाजूंना पोरं उभी केली, विजेच्या खांबांना भोंगे बांधले. बघता बघता गाड्या थटल्या. एका अंगाला हिंगोलीकडून येणाऱ्या, दुसऱ्या अंगाला कनेरगाव नाक्याकडून येणाऱ्या. नाक्याकडची रांग धाब्याच्याही मागे गेली. ट्रकवाले एकामागे एक थांबतील तर ते ट्रकवाले कसले? एकाच्या बाजूने दुसऱ्याने घातली, दुसऱ्याच्या बाजूने तिसऱ्याने, आणि रस्त्याला बूच बसलं.

दुपारी हिंगोलीकडून आरोग्य खात्याचे साहेब आले. पांढरी सरकारी गाडी, मागोमाग पोलीस. साहेब उद्धट नव्हते, हे सांगायला हवं. उन्हात खाली उतरले, आमच्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "जागा भरायला आम्ही तयार आहोत. जाहिरात काढली, पण इकडे यायला कुणी तयार नाही. डॉक्टर मी कुठून आणू?"

तातेराव माईकवरून म्हणाला, "ते आमाला काहून विचारता? आमी हळद शिजवणारे माणसं. डॉक्टर कुठून आणायचा ते सरकारनं बघायचं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी घाम पुसला. हे चाललेलं असतानाच नाक्याच्या अंगाचं एक पोरगं येऊन म्हणालं, "काका, मागं एका जीपमधी पेशंट हाय म्हणतेत. ट्रकवाले सांगून राहिले."

तातेरावने माईक तोंडापासून काढला नाही. "ॲम्ब्युलन्स हाय का?"

"न्हाई. काळी-पिवळी हाय."

"मंग थांबू द्या. मागल्या टायमाला बी पेशंटच होता. ॲम्ब्युलन्स असंल तरच सोडा."

लोक हसले. त्या टेंपोची सगळ्यांना आठवण झाली. हसणंही माईकमधून गेलं आणि माझे भोंगे चांगले असल्यामुळे ते पार धाब्यापर्यंत ऐकू गेलं.

पोरगं परत गेलं. तातेराव पुन्हा साहेबांकडे वळला. मी ॲम्प्लिफायरच्या बटणाशी खटपट करत होतो आणि उगाच अस्वस्थ होतो. नाक्याच्या अंगाला हॉर्न वाजत होता. थांबून थांबून वैतागलेला नव्हे, एकसारखा, कुणी हात ठेवून दिल्यासारखा. मी तातेरावला तसं म्हणालोही. तो म्हणाला, "वाजू दे. बसलं की हॉर्न वाजतातच."

मग तो हॉर्न थांबला. ते मला जास्त वाईट वाटलं.

थोड्या वेळाने ट्रकांच्या मधून रहमतबी आली. नासेर जीपवाल्याची आई. तातेरावच्या गल्लीतच तिचं घर, आणि तातेरावची आई गेली तेव्हा त्याच्या घरी भाकरी हिनेच पोचवल्या होत्या. पाय ओढत, ट्रकच्या चाकांना धरत ती आली. डोक्यावरचा पदर खांद्यावर आला होता, आणि एरवी ती पदर पडू देणारी बाई नव्हे. पोरांनी तिला अडवलं नाही. चालत येणाऱ्या म्हातारीला अडवायचा नियम नव्हता.

ती तातेरावच्या समोर येऊन उभी राहिली. माईक चालूच होता.

"तातेराव, जीप नासेरची हाय," ती म्हणाली. "आत आफिफा हाय."

आफिफा म्हणजे नासेरची थोरली पोरगी, रहमतबीची नात.

"काय झालं, मावशी?"

"नाक्याकडच्या वावरात सोयाबीन गोळा करत होती. ढिगाखाली साप होता. हाताला चावला. डोळे मिटून राहिली, उघडाय सांगितलं तर उघडत न्हाईत. बोलणं बोबडं झालं."

"अन् ॲम्ब्युलन्स?" तातेरावच्या तोंडून सवयीनेच निघालं असावं.

"फोन लावला नासेरनं. गाडी दुसऱ्या पेशंटला घेऊन लांब गेली म्हणले. म्हणून जीप काढली." तिने दम घेतला. आवाज चढवला नाही. "ॲम्ब्युलन्स असती, तर तू हितं रस्त्यावर काहून बसला असता?"

हे सगळ्या भोंग्यांतून गेलं. आम्ही शेकड्याने माणसं तिथे होतो, शिकलेली आणि न शिकलेली. आमच्याकडे गाडी येत नाही म्हणून आम्ही रस्त्यावर बसलो होतो, आणि गाडी आली तरच सोडू म्हणत होतो. हे आमच्यातल्या एकालाही सुचलं नव्हतं.  मी ॲम्प्लिफायर बंद केला.

तातेराव उठला. बसून बसून त्याचे पाय आखडले होते. तो पडला, पुन्हा उठला आणि ट्रकांच्या मधून पळत सुटला. पोरं त्याच्या मागे, मीही मागे. जीप धाब्यासमोर होती. चारी अंगांनी ट्रक, पुढे हलायला वीतभर जागा नाही. नासेर पोरीचं डोकं मांडीवर घेऊन मागे बसला होता. त्याने तातेरावकडे नुसतं पाहिलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आफिफाचा हात मनगटाच्या वर सुजला होता. पापण्या जड होऊन खाली आल्या होत्या. ती काहीतरी सांगू पाहत होती, पण तोंडातून नुसता आवाज येत होता.

"बाज आणा," तातेराव म्हणाला. धाब्यावरची बाज आणली, पोरीला तिच्यावर निजवलं. बाजेचा पुढचा एक पाय तातेरावने खांद्यावर घेतला, दुसरा नासेरने. मघाशी "ॲम्ब्युलन्स न्हाई, न्हाई सोडत" म्हणणाऱ्या पोरांनी मागचे दोन घेतले. ट्रकवाले खाली उतरून वाट करत होते. ती वाट संपता संपत नव्हती. मी बाजेच्या बाजूने चालत तिच्या छातीकडे बघत होतो. प्रत्येक श्वासाला वाटायचं, आता पुढचा येतो की नाही.

फाट्यावर बाज टेकवली तसे साहेब पुढे झाले. त्यांनी खाली बसून तिची पापणी वर केली, हात हातात घेतला, श्वास बघितला. ते बघण्याची रीतच वेगळी होती. तातेरावच्या ते ध्यानात आलं.

"साहेब, तुमी डॉक्टर हाव?"

"आहे. म्हणजे होतो. पण बरीच वर्षं ऑफिसातच आहे." ते उठले. "माझ्या गाडीत घाला. हिंगोलीला पोचवू."

गर्दीच्या कडेला साधना सिस्टर उभी होती. ती हळूच म्हणाली, "सर, सापाची लस आपल्या फ्रीजमध्ये आहे. द्यायला डॉक्टर नाही म्हणून तशीच पडून आहे."

 साहेबांनी हिंगोलीच्या रस्त्याकडे पाहिलं. त्या अंगालाही गाड्या तशाच थटलेल्या होत्या. मग त्यांनी पोरीकडे पाहिलं.

"इथे श्वासाचं मशीन नाही," ते म्हणाले. "लस दिल्यावर रिअॅक्शन येऊ शकते. काही बरंवाईट झालं तर..."

"तर काय?" तातेराव म्हणाला.

"लोक मला सोडतील का?"

खरं सांगतो, मला त्या माणसाची दया आली. त्यांची भीती खोटी नव्हती. डॉक्टरला मारल्याच्या बातम्या आपणच वाचतो आणि आपणच मान डोलावतो.

तातेरावने हात जोडले नाहीत की आवाज चढवला नाही. "साहेब, सकाळपासून मी तुमच्याकडं डॉक्टर मागून राहिलो. तुमी म्हणता, कुठून आणू. अन् तुमी हितं उभे हाव. काही झालं तर लोक आदी मला धरतेल. तिला म्याच अडवलं. तुमच्या अंगाला कुणी हात लावणार न्हाई, मी दारात उभा राहतो."

साहेबांनी बाह्या वर केल्या. "चला, उचला."

दवाखाना फाट्यावरून जवळच. दार उघडलं, पंखा लागला, सलाईन लटकलं. साहेब सिस्टरला एकेक औषध मागत होते. मध्येच त्यांनी एक इंजेक्शन मागितलं, ते दवाखान्यात नव्हतं. नाव ऐकताच विजयकुमार दुकानाकडे पळाला आणि डबाच घेऊन आला. बाहेर अंगणात सगळं गाव.  रहमतबी पायरीवर तसबीचे मणी ओढत होती.

तातेराव म्हटल्याप्रमाणे दारात उभा होता. मी त्याला म्हणालो, "बस जरा." तो म्हणाला, "न्हाई." आयुष्यभर बसत आलेल्या माणसाला त्या दिवशी बसवत नव्हतं. पाणी दिलं तर त्याने ते हातातच धरून ठेवलं.

आतून एकदा सिस्टरचा घाबरा आवाज आला, "सर, अंगावर पित्त उठतंय." मग धावपळ. नासेर आत घुसू बघत होता, तातेरावने त्याला दंडाला धरून थांबवलं. नासेरने त्याचा हात झिडकारला. पुन्हा तिथेच दोघं शेजारी उभे राहिले, कारण उभं राहायला दुसरी जागा नव्हती.

बऱ्याच वेळाने साहेब बाहेर आले. सदरा घामाने अंगाला चिकटलेला. "डोळे उघडतेय," ते म्हणाले. "अजून धोका आहे, पण आता हिंगोलीपर्यंत नेता येईल." तोवर पोरांनी आणि पोलिसांनी मिळून हिंगोलीकडचा रस्ता मोकळा केला होता. आफिफाला सरकारी गाडीत घातलं. सलाईनची बाटली साहेबांनी स्वतः हातात धरली. त्यांनी येताना आणलेलं लेखी आश्वासनाचं पत्र फाट्यावर माझ्या ॲम्प्लिफायरच्या टेबलावर तसंच राहिलं आणि कुणालाच त्याची आठवण झाली नाही.

आफिफा वाचली. हिंगोलीच्या सरकारी दवाखान्यातून घरी आली तेव्हा हाताला पट्टी होती आणि बोटं नीट मिटत नव्हती, पण जिभेला पूर्वीसारखी धार होती. गावात मात्र दोन तट पडले. विजयकुमारची माणसं म्हणायची, गावाची गाडी असती तर हा प्रसंगच आला नसता. दुसरे म्हणायचे, लस सरकारी, डॉक्टर सरकारी, गाडी सरकारी, खाजगीवाल्याने सापाच्या पेशंटला हात तरी लावला असता का? त्यावर पहिले म्हणायचे, इंजेक्शन विजूच्याच दुकानातून आलं ना? ओट्यावर रोज हे चालायचं. तातेराव तिकडे फिरकायचा नाही.

एका सकाळी तो माझ्याकडे आला. मला वाटलं, भोंगा मागायला. तो म्हणाला, "रहमतबीकडं जायचं हाय. एकट्याला जाववंना." इतक्या साहेबांशी भांडलेला माणूस शेजारच्या घरी जायला सोबत मागत होता. मी चप्पल घातली.

रहमतबी दारात तूर निवडत बसली होती. तिने आम्हाला बाज दाखवली. तातेराव जमिनीवरच बसला.

"मावशी, चुकलं माझं."

ती सूप हलवत राहिली. "तू बसला म्हणून उशीर झाला," ती म्हणाली. "अन् तू बसला म्हणून तो साहेब तिथं होता. म्या लय इचार केला, तुला शिव्या द्याव्या का दुवा द्यावी. अजून कळंना." मग तिने विचारलं, "दवाखान्यात डॉक्टर आला का?"

"न्हाई."

"मंग पुन्हा बसशील?"

आतून आफिफा पडद्याआड उभी राहून ऐकत होती. तातेरावने पडद्याच्या कडेला दिसणाऱ्या तिच्या हातावरच्या पट्टीकडे पाहिलं. "बसावं तर लागंल," तो म्हणाला. "पर आता हिंमत होत न्हाई."

"बस. म्या बी येते," रहमतबी म्हणाली. "पर एक गाडी जाईल इतकी वाट ठेवायची. अन् कोणती सोडायची ते म्या सांगणार."

दिवाळी झाल्यावर आम्ही पुन्हा फाट्यावर बसलो. सतरंज्या त्याच, भोंगे तेच. ह्या वेळी विजयकुमारही येऊन बसला. एका अंगाने रस्ता मोकळा ठेवला होता, आणि त्याच्या तोंडाशी माझ्या मंडपातल्या खुर्चीवर रहमतबी बसली होती. थोड्या वेळाने नाक्याकडून एक टेंपो आला. मागे कुणीतरी घोंगडं पांघरून निजलेलं. ड्रायव्हर म्हणाला, "पेशंट हाय." पोरं घोंगडं उचलायला पुढे झाली. रहमतबीने हाताने त्यांना मागे सारलं आणि टेंपोला जायची खूण केली.

तातेराव माईक बाजूला ठेवून म्हणाला, "मावशी, बघितलं बी न्हाई. खोटा असला तर?"

"खोटा असला तर चांगलंच हाय ना," ती म्हणाली. "चालत घरी जाईल लेकरू."

 टेंपो वळणापलीकडे दिसेनासा होईपर्यंत तातेराव उभा राहिला आणि मग परत येऊन सतरंजीवर बसला.